विष जंतूचं, रिसेप्टर आपला

बाळ दीड महिन्याचं झालं की सरकारी दवाखान्यात त्याला पेंटाव्हॅलंट ही पाच रोगांवरची लस टोचतात, सोबत पॅरासिटामॉल देतात आणि आईला सांगतात, रात्री ताप येईल, घाबरू नका. बऱ्याच बाळांना तो येतोही. खासगी दवाखान्यात जास्त पैसे मोजले की 'पेनलेस' लस मिळते, तिच्यानं ताप कमी येतो. जिवंत जंतू दोन्हींत एकही नसतो. पहिलीत डांग्या खोकल्याचे अख्खे जंतू मारून घातलेले असतात. दुसरीत त्या जंतूची मोजकी प्रथिनं वेगळी काढून घातलेली असतात. मेलेला जंतू वाढत नाही, पसरत नाही, काही तयारही करत नाही. मग अख्ख्या जंतूनंच ताप जास्त का यावा?

१८९२ साली बर्लिनमध्ये जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांचे सहकारी रिचर्ड फायफर याच प्रश्नाशी झगडत होते. त्यांच्यासमोर कॉलऱ्याचे जंतू होते. उष्णतेनं मारून टाकलेले हे जंतू गिनीपिगला टोचले तरी गिनीपिग मरत. जिवंत जंतू बाहेर सोडतात ते विष उष्णतेनं नासतं, हे तेव्हा ठाऊक होतं. त्यामुळे फायफर यांनी तर्क केला की हे दुसरं विष जंतूच्या अंगातच बांधलेलं असणार. त्याला त्यांनी एंडोटॉक्सिन म्हटलं. त्याच वर्षी पॅरिसमध्ये वाल्देमार हाफकिन कॉलऱ्याची लस स्वतःला टोचून घेत होते. पुढे १८९६ मध्ये ते मुंबईत आले आणि १० जानेवारी १८९७ रोजी मारलेल्या प्लेगजंतूंची लसही त्यांनी आधी स्वतःला टोचली. तीही ताप आणायची.

एंडोटॉक्सिन हे नाव रुळलं खरं, पण हा पदार्थ सापाच्या विषासारखा कशावर थेट घाव घालत नाही. तो पेशी फोडत नाही, मज्जातंतू बधिर करत नाही. ज्या प्राण्याला तो 'दिसत' नाही, त्याला त्याचं जवळपास काहीच होत नाही. हे कळायला पुढची शंभर वर्षं गेली. गंमत म्हणजे जंतूंच्या पुष्कळशा विषांची गोष्ट याच वळणावर येते. आपल्या पेशीवर त्याला धरणारा रिसेप्टर असेल, तरच ते विष. नसेल तर प्रथिनाचा किंवा चरबीचा एक तुकडा, बस्स.

रिसेप्टर म्हणजे पेशीच्या आवरणात रोवलेलं प्रथिन. त्याचं एक टोक बाहेर, एक आत. बाहेरच्या टोकाला नेमका एखादा रेणू येऊन बसला की प्रथिनाचा आकार बदलतो किंवा दोन प्रथिनं एकमेकांजवळ सरकतात, आणि त्याचा परिणाम म्हणून आतल्या टोकाशी रासायनिक कामं सुरू होतात. प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींचा सगळा कारभार अशा हजारो रिसेप्टरांवर चालतो. कुठे जायचं, कुणाला गिळायचं, कधी थांबायचं, सगळं त्यांच्यावर. जंतू आपल्यासोबत लाखो वर्षं राहत आले आहेत, त्यामुळे हे रिसेप्टर कसे वागतात हे त्यांच्या रसायनशास्त्रात केव्हाच उतरलंय.

आधी एंडोटॉक्सिनचंच बघू.

ई. कोलाय, साल्मोनेला, कॉलरा, प्लेग, डांग्या खोकला या गटातल्या जंतूंच्या बाहेरच्या आवरणात लिपोपॉलिसॅकराइड नावाचा रेणू ठासून भरलेला असतो. एकेका जंतूवर त्याचे रेणू दहा लाखांच्या घरात. त्याचा बाहेरचा भाग साखरेच्या साखळ्यांचा, आणि मुळाशी चरबीचा एक तुकडा, ज्याला लिपिड ए म्हणतात. खोड सगळी त्या तुकड्यात. ई. कोलायच्या लिपिड ए ला चरबीच्या सहा शेपट्या असतात. हा सहा आकडा लक्षात ठेवा.

जंतू रक्तात फुटला की हे रेणू मोकळे होतात. यकृतात तयार होणारं एक प्रथिन त्यातला एकेक रेणू सोडवून घेतं आणि मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशीवरच्या सीडी१४ या प्रथिनाकडे सोपवतं. तिथून तो जातो एमडी-२ कडे. एमडी-२ ला एक खोलगट कप्पा आहे आणि ते टीएलआर४ या रिसेप्टरला कायमचं चिकटलेलं असतं. लिपिड ए च्या सहापैकी पाच शेपट्या त्या कप्प्यात शिरतात. सहावी मावत नाही. ती कप्प्याच्या तोंडाशी बाहेर राहते आणि शेजारच्या दुसऱ्या टीएलआर४ ला जाऊन चिकटते. त्यामुळे दोन टीएलआर४ एकमेकांना खेटतात, त्यांची पेशीच्या आतली टोकंही जवळ येतात आणि काम सुरू होतं. २००९ साली या जोडीची त्रिमिती रचना प्रसिद्ध झाली तेव्हा हा न मावणाऱ्या शेपटीचा प्रकार उघड झाला. मला स्वतःला जीवशास्त्रातल्या सगळ्यात देखण्या रचनांपैकी ही एक वाटते. सगळा खेळ एका शेपटीला जागा कमी पडण्यावर चाललाय.

पुढचं झपाट्यानं घडतं. पेशीच्या केंद्रकात संदेश पोचतो, टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ अशी प्रथिनं बनून बाहेर पडू लागतात. यांना एकत्रितपणे सायटोकाइन म्हणतात. निरोगी माणसाला एंडोटॉक्सिन टोचलं तर साधारण दीड तासात रक्तातलं टीएनएफ शिगेला पोचतं. हे सायटोकाइन मेंदूतल्या तापमान राखणाऱ्या भागाजवळ प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार करवतात, तिथला तापमानाचा नेम वर सरकतो आणि अंगाला थंडी वाजून हुडहुडी भरते. पॅरासिटामॉल याच प्रोस्टाग्लँडिनला आवर घालतं. थोडक्यात, लशीनंतरचा ताप बाळाच्या शरीरानंच काढलेला असतो. जंतूनं फक्त लिपिड ए दाखवलं.

प्रमाण किती? स्वयंसेवकांवरच्या प्रयोगांत दर किलो वजनामागे दोन ते चार नॅनोग्रॅम देतात. साठ किलोच्या माणसाला पाव मायक्रोग्रॅमसुद्धा नाही. तेवढ्यानं तो काही तास थंडीतापानं कुडकुडतो. उंदराला मारायला मात्र किलोमागे मिलिग्रॅमच्या हिशेबात द्यावं लागतं. माणूस आणि उंदीर यांच्यातली ही दरी पुढे पुन्हा भेटणार आहे.

पूर्वी इंजेक्शन किंवा सलाईन दिल्यावर रोग्याला थंडी भरून येण्याचे प्रकार सर्रास होत. अमेरिकेत फ्लोरेन्स सायबर्ट यांनी १९२३ च्या सुमारास दाखवलं की दोष औषधाचा नाही, ऊर्ध्वपातित पाण्यात राहिलेल्या जंतूंच्या अवशेषांचा आहे. पाणी उकळून जंतू मरतात, लिपिड ए मरत नाही. काचेच्या भांड्यावरून ते घालवायला २५० अंशांची कोरडी आच अर्धा तास द्यावी लागते. म्हणून आज औषध कारखान्यांत इंजेक्शनचा माल निर्जंतुक आहे एवढ्यावर भागत नाही, त्यात एंडोटॉक्सिन नाही याची वेगळी चाचणी होते. ती चाचणी बरीच वर्षं नालखेकड्याच्या (हॉर्सशू क्रॅब) निळ्या रक्तावर चालत आली आहे, कारण ते रक्त एंडोटॉक्सिनच्या नखभर अंशानंही गोठतं. हे प्राणी ओडिशाच्या किनाऱ्यावरही सापडतात. आता प्रयोगशाळेत बनवलेलं प्रथिन वापरून त्यांची सुटका करण्याचा प्रयत्न चालू आहे.

टीएलआर४ सापडला तो एका 'बहिऱ्या' उंदरामुळे. सी३एच/एचईजे नावाच्या जातीच्या उंदरांना कितीही एंडोटॉक्सिन टोचा, ते ढिम्म. १९६० च्या दशकापासून हे माहीत होतं, कारण माहीत नव्हतं. टेक्सासमध्ये डॅलसला ब्रूस बॉयटलर यांच्या गटानं पाच वर्षं त्या उंदराचा एकेक जनुकपट्टा चाळला आणि १९९८ च्या डिसेंबरमध्ये उत्तर छापलं. टीएलआर४ च्या जनुकात एकच अक्षर बदललेलं होतं. त्यामुळे ७१२ व्या जागी प्रोलिनऐवजी हिस्टिडिन आलं होतं, तेही रिसेप्टरच्या आतल्या टोकाला. बाहेर लिपिड ए येऊन बसतं, आत काहीच घडत नाही. माशीत टोल हा रिसेप्टर बुरशीपासून बचाव करतो हे फ्रान्समध्ये ज्यूल्स हॉफमन यांच्या गटानं १९९६ मध्ये दाखवलं होतं, त्याच कुळातला हा. दोघांना २०११ चं नोबेल मिळालं.

इतका चांगला उंदीर, एंडोटॉक्सिननं न मरणारा! मग निसर्गानं सगळ्यांनाच असं का केलं नाही? कारण हाच उंदीर साल्मोनेलाच्या खऱ्या संसर्गात इतरांपेक्षा लवकर मरतो. त्याला जंतू आलेला कळतच नाही. रिसेप्टर असला तर सूज येऊन मरण्याची भीती, नसला तर जंतू माजून मरण्याची.

प्लेगच्या जंतूनं नेमकं हेच हेरलंय. पिसवेच्या अंगात, पंचवीस अंशांच्या आसपास, त्याचं लिपिड ए सहा शेपट्यांचं असतं. माणसाच्या अंगात, सदतीस अंशांना, तो मुख्यतः चार शेपट्यांचं बनवतो. चार शेपट्या एमडी-२ च्या कप्प्यात आरामात मावतात, बाहेर काही उरत नाही, दोन टीएलआर४ जवळ येत नाहीत. पांढऱ्या पेशींना पत्ता लागेपर्यंत जंतू गाठींमधून रक्तात पोचलेला असतो. २००६ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी प्लेगच्या जंतूत ई. कोलायचं एक जनुक घातलं. त्यामुळे सदतीस अंशांनाही त्याला सहा शेपट्याच बनवाव्या लागल्या. तो जंतू टोचलेले उंदीर तगले. एवढा क्रूर जंतू, केवळ ओळखू यायला लागला म्हणून निकामी झाला. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईतला पहिला रोगी ओळखला, पुढच्या मार्चमध्ये पुण्यात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, आणि त्यानंतरची कित्येक वर्षं महाराष्ट्रानं जे सोसलं, त्यामागच्या अनेक कारणांत या दोन गळालेल्या शेपट्याही होत्या.

औषधवाल्यांना हीच युक्ती उलटी वापरायची होती. एरिटोरान नावाचं चार शेपट्यांचं कृत्रिम लिपिड त्यांनी बनवलं. ते कप्प्यात जाऊन बसतं, रिसेप्टर चेतवत नाही आणि खऱ्या लिपिड ए ला जागा ठेवत नाही. जंतुसंसर्गानं शरीरभर आग भडकून अवयव बंद पडतात त्या सेप्सिसवर हे रामबाण ठरणार, असं कागदावर दिसत होतं. जवळपास दोन हजार रोग्यांवर चाचणी झाली आणि २०१३ मध्ये निकाल आला: एरिटोरान घेतलेल्यांपैकी २८.१ टक्के अठ्ठावीस दिवसांत दगावले, न घेतलेल्यांपैकी २६.९ टक्के. काडीचा उपयोग झाला नाही. एक तर रोगी आयसीयूत येईतो टीएलआर४ चं काम कधीच होऊन गेलेलं असतं. आणि त्याच सुमारास असंही कळलं की लिपिड ए पेशीच्या आत पोचलं तर तिथे कास्पेज-४ नावाचं प्रथिन त्याला थेट पकडतं आणि पेशी फुटते, टीएलआर४ ला न विचारता. एक वाट बंद केली म्हणून भागण्यासारखं हे प्रकरण नाही.

आता दुसरं विष. यात चरबी नाही, प्रथिन आहे, आणि त्याची तऱ्हा पूर्ण वेगळी.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू आपल्यापैकी कित्येकांच्या नाकात निवांत राहत असतो. गळवं, केसतूड यांचा हा कर्ता. लग्नाच्या जेवणात बासुंदी किंवा खव्याची मिठाई उबेत तासन्‌तास पडून राहिली आणि दोन-चार तासांत मांडवभर उलट्या सुरू झाल्या, तर संशय बहुधा याच्यावर असतो. त्याचं एंटरोटॉक्सिन दूध पुन्हा उकळलं तरी नासत नाही. उलट्या करवण्याचा गुण एक, पण त्याच कुळातल्या विषांचा दुसरा गुण टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींना भिडणारा आहे.

टी-पेशी कशा चालतात? मॅक्रोफेजसारखी पेशी जंतूला गिळते, त्याचे बारीक तुकडे करते आणि एकेक तुकडा एचएलए नावाच्या प्रथिनावर मांडून बाहेर दाखवते. समोरून टी-पेशी येते. तिच्या अंगावर तिचा स्वतःचा, इतरांपेक्षा वेगळा रिसेप्टर असतो. तुकडा आणि रिसेप्टर नेमके जुळले तरच ती चेतते. अशी जुळणारी पेशी दहा हजारांत एखादी, बऱ्याचदा त्याहूनही विरळा. आपल्या या कुळातलं विष, ज्याला सुपरअँटिजन म्हणतात, या दोघांच्या मधे न जाता बाजूनं येतं. एका अंगानं ते एचएलएची कड धरतं, दुसऱ्या अंगानं टी-पेशीच्या रिसेप्टरची बीटा साखळी. मधल्या तुकड्याकडे ते ढुंकूनही बघत नाही. पत्रिका जुळते का हे न पाहताच कुणी भर मांडवात दिसेल त्या मुलाच्या उपरण्याला दिसेल त्या मुलीच्या शालूची गाठ मारत सुटावं, तसा हा प्रकार. बीटा साखळीची जेमतेम दोन डझन घराणी आहेत. त्यातलं एक घराणं धरलं की त्या घराण्याच्या सगळ्याच्या सगळ्या टी-पेशी एकदम चेततात. एरवी दहा हजारांत एक जागी व्हायची, तिथे पाचांत एक जागी होते. प्रत्येक पेशी सायटोकाइन ओतते. रक्तवाहिन्या गळू लागतात, रक्तदाब कोसळतो.

१९७८ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर इथे डॉ. जेम्स टॉड यांनी सात मुलांचं वर्णन छापलं: एकाएकी जोराचा ताप, उन्हात भाजल्यासारखी लाल कातडी, कोसळलेला रक्तदाब, आणि रक्तात मात्र जंतू नाही. नाव ठेवलं टॉक्सिक शॉक सिंड्रोम. दोनच वर्षांत हाच आजार शेकडो तरुण बायकांना झाला, पाळीच्या दिवसांत. फार पाणी शोषणारे नवे टॅम्पॉन, म्हणजे पाळीत योनीमार्गात ठेवायचे बोळे, हे त्यांच्यातलं समान सूत्र निघालं आणि १९८० च्या सप्टेंबरात 'रिलाय' हा ब्रँड बाजारातून उठवावा लागला. टॅम्पॉनमध्ये विष नव्हतं. त्यानं योनीमार्गात हवा नेली, आणि तिथल्या स्टॅफिलोकॉकसला टीएसएसटी-१ हे विष बनवायला ऑक्सिजन लागतो. हे विष आपल्या टी-पेशींतलं बीटा-२ घराणं धरतं, जे एकट्यानं रक्तातल्या साधारण दहा टक्के टी-पेशींचं असतं. हा सुपरअँटिजनचा उलगडा १९८९-९० मध्ये जॉन कॅपलर आणि फिलिपा मॅरॅक या जोडप्यानं केला, आणि तोही डेन्व्हरमध्येच.

हा आजार फक्त बायकांचा नाही, हे आवर्जून सांगायला हवं. भाजलेल्या जखमेतून, शस्त्रक्रियेनंतर, नाकात कोंबलेल्या बोळ्यामुळे तो कुणालाही होऊ शकतो. बहुसंख्य प्रौढांच्या रक्तात टीएसएसटी-१ विरुद्धची प्रतिद्रव्यं असतात, म्हणून तो दुर्मीळ. ज्यांच्यात ती तयारच झालेली नसतात, त्यांच्यावर ही पाळी येते. उपचारातही हीच समज वापरतात. नुसतं जंतू मारणारं अँटिबायोटिक दिलं तर मरेपर्यंत जंतू विष बनवत राहील, म्हणून सोबत क्लिंडामायसिन देतात. ते जंतूचा प्रथिनं बनवण्याचा कारखानाच थांबवतं. अवघड रोग्याला हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून काढलेली प्रतिद्रव्यं शिरेतून देतात, या आशेनं की त्यातली काही तरी हे विष पकडतील.

उंदरांचं इथेही बिनसतं. त्यांच्या एचएलएसदृश प्रथिनाला ही विषं नीट धरता येत नाहीत. माणसाचं एचएलए जनुक घातलेला उंदीर मात्र आजारी पडतो.

डांग्या खोकल्याचं विष वेगळ्याच बाजूनं येतं, त्यावर थोडक्यात. लहान बाळाला हा खोकला झाला की रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या दिसतात, कधी मायक्रोलिटरमागे लाखाच्या वर. इतकी फौज असून बाळ बरं का होत नाही? कारण या पेशी रक्तात अडकून पडलेल्या असतात. संसर्गाच्या जागी जायचं तर केमोकाइन नावाच्या रेणूंचा माग काढावा लागतो. त्यांचे रिसेप्टर पेशीच्या आत निरोप पोचवणाऱ्या जी-प्रथिनांच्या एका प्रकाराला कामाला लावतात. पर्टुसिस टॉक्सिन पेशीत शिरून त्याच जी-प्रथिनावर एक रासायनिक तुकडा चिकटवून टाकतं. रिसेप्टर शाबूत, समोर केमोकाइनही हजर, पण आत निरोप पोचतच नाही. पेशी वाहत्या रक्तात नुसत्या फिरत राहतात, आणि त्यांच्या गर्दीनं फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. डांग्या खोकल्यानं बाळं दगावतात त्यात या तुंबण्याचा मोठा वाटा आहे. पहिल्या परिच्छेदातल्या तापाला नाक मुरडणाऱ्या आईबापांनी हे वाचावं असं मला वाटतं.

शेवटचा गट ल्युकोसिडिनचा, म्हणजे पांढऱ्या पेशींनाच ठार मारणाऱ्या विषांचा. पुन्हा स्टॅफिलोकॉकस. १९३२ मध्ये लंडनच्या पँटन आणि व्हॅलेंटाइन यांनी वर्णन केलेलं विष त्यांच्याच नावानं पीव्हीएल म्हणून ओळखलं जातं. याचे दोन भाग असतात, जंतू ते वेगवेगळे सोडतो. आधी एस भाग न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशीच्या अंगावरचा सी५ए रिसेप्टर धरतो. मग एफ भाग त्याला येऊन मिळतो. चार एस, चार एफ असं आठांचं कडं तयार होतं, ते पेशीच्या आवरणात आरपार घुसतं आणि भोक पडतं. पेशी फुगून फुटते, तिच्यातली जंतू जाळणारी रसायनं आजूबाजूच्या मांसावर सांडतात.

सी५ए रिसेप्टरच का? जंतू शरीरात शिरल्यावर रक्तातली कॉम्प्लिमेंट प्रथिनं तुटून सी५ए नावाचा तुकडा मोकळा होतो आणि न्यूट्रोफिल त्याच्या दिशेनं धावत येतात. म्हणजे संसर्गाच्या जागी सगळ्यात आधी पोचणाऱ्या पेशींवर हा रिसेप्टर भरपूर असणारच. जो रिसेप्टर त्यांना जंतूपर्यंत आणतो, त्यालाच विष येऊन चिकटतं.

पीव्हीएलवरून दहा-पंधरा वर्षांपूर्वी संशोधकांत चांगलीच जुंपली होती. रुग्णालयात चित्र असं की फ्लूनंतर एखाद्या धडधाकट तरुणाला न्यूमोनिया होतो, फुप्फुस सडतं, आणि त्याच्या स्टॅफिलोकॉकसमध्ये पीव्हीएल सापडतं. प्रयोगशाळेत मात्र उंदरांवर एका गटाला परिणाम दिसे, दुसऱ्याला दिसत नसे. काहींनी तर पीव्हीएल हा निव्वळ योगायोगानं सोबत आलेला प्रवासी ठरवून टाकला. २०१० मध्ये दाखवलं गेलं की पीव्हीएल माणसाच्या आणि सशाच्या न्यूट्रोफिलना मिनिटांत मारतं, उंदराच्या न्यूट्रोफिलना काहीही करत नाही. २०१३ मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या गटानं सी५ए रिसेप्टर शोधला आणि कारण लख्ख झालं: उंदराचा सी५ए रिसेप्टर थोडा वेगळा आहे, एस भागाला तो धरताच येत नाही. इतकी वर्षं एका बाजूचा युक्तिवाद चुकीच्या प्राण्यावर उभा होता. भारतीय उपखंडात पसरलेला, बंगालच्या उपसागराचं नाव मिळालेला एसटी७७२ हा औषधांना न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस पीव्हीएल बाळगतो, त्यामुळे हा वाद आपल्यापासून फार लांबचा नव्हता.

पीव्हीएलचं भावंड ल्यूकईडी. त्याचा रिसेप्टर २०१३ मध्येच न्यूयॉर्कमध्ये व्हिक्टर टॉरेस यांच्या प्रयोगशाळेत सापडला. तो निघाला सीसीआर५ हा केमोकाइन रिसेप्टर, म्हणजे एचआयव्ही ज्याला धरून टी-पेशीत शिरतो तोच. युरोपातल्या काही लोकांत सीसीआर५ चं जनुक जन्मतः तुटकं असतं. दोन्ही प्रती तुटक्या असतील तर नेहमीच्या एचआयव्हीची लागण सहसा होत नाही. त्यांच्या टी-पेशी ल्यूकईडीलाही दाद देत नाहीत असं दिसलं. भारतीयांत हे तुटकं जनुक अगदीच विरळ आहे. एचआयव्हीवर २००७ पासून वापरात असलेलं मॅराव्हिरॉक हे औषध सीसीआर५ ला झाकून टाकतं, आणि प्रयोगशाळेतल्या पेशींना ते ल्यूकईडीपासूनही वाचवतं.

मात्र ल्यूकईडी एकाच रिसेप्टरवर अवलंबून नाही. न्यूट्रोफिलवर ते सीएक्ससीआर१ आणि सीएक्ससीआर२ धरतं. २०१५ मध्ये असंही दिसलं की लाल पेशींवर ते डफी नावाचं, केमोकाइनना धरणारं प्रथिन धरतं आणि त्या फोडून जंतूला लोह मिळवून देतं. आपल्याकडचा व्हायव्हॅक्स मलेरियासुद्धा लाल पेशीत शिरताना याच डफीला धरतो. विषाणू, जिवाणू आणि मलेरियाचा परजीवी, तीन संपूर्ण वेगळे जीव, पण आपल्या पेशीवरच्या त्याच दोन-चार केमोकाइन रिसेप्टरांवर येऊन टेकले. हे रिसेप्टर पेशीच्या बाहेर उघडे असतात आणि पेशीला हालचालीसाठी लागतात, त्यामुळे त्यांना सहजासहजी टाकूनही देता येत नाही.

औषध शोधणाऱ्यांपुढे म्हणून दोन रस्ते आहेत. रिसेप्टर झाकायचा तर आपलं स्वतःचं काम अडतं. सी५ए रिसेप्टर बंद केला तर न्यूट्रोफिल संसर्गाकडे येणारच नाहीत. विष पकडायचं तर स्टॅफिलोकॉकसकडे एक नाही, पाच ल्युकोसिडिन असू शकतात, आणि एकाला प्रतिद्रव्यानं धरलं तरी उरलेली मोकळी. त्यामुळे एकाच वेळी अनेकांना धरणारी प्रतिद्रव्यं बनवण्याकडे आता कल आहे. ती तपासायला साधा उंदीर चालत नाही. ससे वापरतात, किंवा माणसाचे रिसेप्टर घातलेले उंदीर, किंवा सरळ रक्तदात्याकडून सकाळी घेतलेलं ताजं रक्त, कारण न्यूट्रोफिल शरीराबाहेर काही तासांपलीकडे नीट टिकत नाहीत.